पंधरा दिवसांची सहल, सहा महिन्यांची कोठडी

समजा, साल १९७५ आहे. फ्रान्समधील एक कुटुंब उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी स्वतःच्या मोटारीने इंग्लंडला निघाले आहे. कॅले बंदरात मोटार बोटीवर चढली आहे आणि थोड्याच वेळात डोव्हरचे पांढरे कडे दिसू लागतील. मागच्या आसनावर दोन मुले आहेत आणि त्यांच्या पायांशी घरचा कुत्रा झोपला आहे. कुटुंबाला इंग्लंडमध्ये पंधरा दिवस राहायचे आहे. कुत्र्याला मात्र ब्रिटनच्या कायद्यानुसार सहा महिने सरकारमान्य विलगीकरणगृहात राहावे लागणार, तेही मालकाच्या खर्चाने. त्यासाठीचा परवाना आधीच काढलेला नसेल, तर कुत्र्याला बंदरावर उतरवणे हाच गुन्हा, आणि त्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवासाची तरतूद. सहल संपवून कुटुंब घरी परतले असते, मुलांची शाळा सुरू होऊन पहिली सत्र परीक्षा झाली असती, नाताळही येऊन गेला असता आणि कुत्रा अजून इंग्लंडातच कोंडलेला असता.

आजच्या धाग्यात या नियमाची गोष्ट सांगायची आहे. ब्रिटनने जवळजवळ संपूर्ण विसावे शतक हा नियम पाळला. तो ज्यांनी मोडला त्यांतील बहुतेकांनी पैशासाठी मोडला नाही, कुत्र्यावरील मायेपोटी मोडला. म्हणूनच हा इतिहास वाचताना नेमकी कोणाची बाजू घ्यावी, हे शेवटपर्यंत ठरत नाही.

मुळात भीती होती ती रेबीजची. हा रोग आपल्याला परका नाही. ‘पिसाळलेला कुत्रा’ हे दोन शब्द उच्चारले की आजही गावातली मुले घरात घेतली जातात. परंतु पिसाळलेल्या, लाळ गाळणाऱ्या कुत्र्यापेक्षा निरोगी दिसणारा कुत्रा सीमेवरच्या अधिकाऱ्याला अधिक भिववतो, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. रेबीजचा विषाणू चाव्यातून शरीरात शिरतो तेव्हा रक्तातून धावत सुटत नाही. तो मज्जातंतूंच्या वाटेने अतिशय संथपणे मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला काही आठवडे लागतात, कधी काही महिने. तेवढा काळ प्राणी खातो, खेळतो, शेपूट हलवतो. त्याला पाहून, तपासून, हुंगून कोणताही पशुवैद्य काही सांगू शकत नाही. मेंदू गाठल्यावर विषाणू लाळेत उतरतो, आणि लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ निश्चित असतो. कुत्र्याचाही आणि माणसाचाही. तपासून कळत नसेल तर उपाय एकच उरतो, वाट पाहणे. सहा महिन्यांच्या कोठडीमागे एवढाच हिशेब होता. तितक्या काळात रोग असेल तर बाहेर पडेल, अशी अपेक्षा.

ब्रिटन हे बेट आहे, ही गोष्ट या हिशेबाला पूरक ठरली. एकदा रोग आतून निपटून काढला की समुद्राचे कुंपण आपोआप मिळत होते. पण निपटून काढणे सोपे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतकी खात्याचा कारभार वॉल्टर लाँग या मंत्र्याकडे आला आणि त्याने कुत्र्यांना मुसके बांधण्याची सक्ती कठोरपणे राबवली. १८९७ मध्ये बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवरही निर्बंध आले. लोक संतापले. ज्या देशात माणसे आपल्या कुत्र्याविषयी बोलताना पोटच्या मुलाविषयी बोलावे तशी बोलतात, तिथे त्याच्या तोंडाला चामड्याची जाळी बांधा असे सांगणे म्हणजे घरात हात घालण्यासारखे होते. कुत्र्यांच्या बाजूने लढणाऱ्या संघटना उभ्या राहिल्या, मंत्र्यावर शिव्याशापांचा वर्षाव झाला. त्यांच्या रागाला आणखी एक धार होती. शहरातल्या सामान्य माणसाच्या कुत्र्याला मुसके सक्तीचे होते, पण उमरावांच्या शिकारी कुत्र्यांच्या टोळ्यांना शिकारीच्या वेळी सूट होती. नियम सर्वांना सारखा आणि पळवाट ऐपतीप्रमाणे, हा प्रकार या विषयात पुढेही वारंवार भेटतो.

येथे एक आडवळण घेतो, कारण मुंबईचा उल्लेख टाळून पुढे जाणे जमणार नाही. या साऱ्याच्या साठ-पासष्ट वर्षे आधी, जून १८३२ मध्ये, मुंबईच्या फोर्ट भागात कुत्र्यांवरूनच दंगल उसळली होती. उन्हाळ्यात मोकाट कुत्रे मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्यामुळे मारेकरी घरच्या आणि दारच्या कुत्र्यांत फरक करीनासे झाले होते. कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकाने बंद झाली, आणि गोऱ्या पलटणीच्या छावणीला जाणारी रसदही त्या दिवशी अडली. मुंबईतील जनावर मारून टाकायचे आणि लंडनमधील जनावराला मुसके बांधायचे, असा तो दोन ठिकाणचा न्याय होता. लंडनमध्येही विरोध झालाच, पण तिथल्या आंदोलकांना मत होते आणि वर्तमानपत्रे होती.

असो. मुसक्यांची सक्ती, भटक्या कुत्र्यांची धरपकड आणि बंदरावरचा पहारा यांचा परिणाम झाला. १९०२ पर्यंत ब्रिटनमधून रेबीज नाहीसा झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सहा महिन्यांचे विलगीकरण हा देशाचा शिरस्ता बनला. हिंदुस्थानातून रजेवर किंवा निवृत्त होऊन मायदेशी परतणाऱ्या साहेबालाही तो लागू होता. आयुष्याची उमेद हिंदुस्थानात घालवून तो बोटीवर चढे, सोबत टेरिअर किंवा स्पॅनिअल असे, आणि मायदेशाच्या बंदरात पाय ठेवताच दोघांची ताटातूट होई.

इथवर यशाची कथा झाली. ती मोडली प्रेमाने, आणि तेही सर्वांत समजण्याजोग्या प्रेमाने. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत ब्रिटिश सैनिकांनी असंख्य बेवारस कुत्री पाळली. ज्या घरांवर तोफगोळे पडले त्या घरांतली ही कुत्री होती. चिखलात, उंदरांत आणि मृतांच्या सहवासात महिनोन्महिने काढलेल्या विशीतल्या मुलाला त्या जनावराने काय दिले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. घरी परतताना त्याने ते कोटाच्या आत दडवले, सामानाच्या पिशवीत घातले, आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याच्या नजरेसमोरून पार केले. त्या अधिकाऱ्यालाही युद्धावरून आलेल्या पोराची पिशवी उपसण्याचा उत्साह कितपत असणार?

१९१८ च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, प्लिमथच्या परिसरात, रेबीज पुन्हा प्रकटला. तेथून तो डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये आणि पुढे इतर काही भागांत पसरला. युद्धावरून चोरून आणलेल्या कुत्र्यांमार्फत तो आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तो पुन्हा आटोक्यात यायला १९२२ साल उजाडले. मधल्या काळात तीनशेहून अधिक जनावरांना लागण झाली, शेकडो लोक चावे घेतले म्हणून उपचारांना गेले. पाश्चरची लस तोपर्यंत हाताशी होती, त्यामुळे माणसे वाचली. मुसकी पुन्हा बांधली गेली. ज्यांनी कुत्रा आणला नव्हता त्यांच्या कुत्र्यांनाही ती बांधावी लागली, हे विशेष.

या प्रसंगातून आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली. सैनिकाने कुत्रा चोरून आणला, त्यामागे नियमाचा द्वेष नव्हता. विलगीकरणाचा खर्च त्याच्या पगारात बसत नव्हता. ‘ब्लू क्रॉस’सारख्या प्राणिसेवी संस्थांनी हे ओळखले आणि सैनिकांच्या कुत्र्यांच्या विलगीकरणाचा भार उचलण्यासाठी निधी जमवला. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातले हे सर्वांत शहाणपणाचे पाऊल होते. कायदा मोडणाऱ्याला दंड वाढवण्याऐवजी कायदा पाळणे परवडेल अशी सोय करणे, हे आजही फार सरकारांना सुचत नाही.

पुढची जवळजवळ पन्नास वर्षे शांततेची होती, आणि शांततेच्या काळात नियमांकडे लोक गमतीने पाहू लागतात. १९६८ मध्ये एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन यांचा मुक्काम लंडनला होता. टेलरबाईंची कुत्री सोबत होती आणि सहा महिन्यांचा दुरावा त्यांना मान्य नव्हता. कायद्याने प्रतिबंध होता तो जनावर जमिनीवर ‘उतरवण्याला’. तेव्हा त्यांनी एक आलिशान नौका भाड्याने घेतली, ती थेम्स नदीत टॉवर पुलाच्या जवळ नांगरून ठेवली आणि कुत्र्यांना तिच्यावर ठेवले. कुत्री लंडनमध्ये होती आणि कायद्याच्या दृष्टीने नव्हतीही. वर्तमानपत्रांनी या नौकेला जगातले सर्वांत महागडे तरंगते कुत्राघर ठरवून टाकले. मराठी वाचकाला अशा वेळी महाप्रस्थानाच्या कथेतला धर्मराज आठवल्यावाचून राहत नाही. स्वर्गात कुत्र्याला प्रवेश नाही, असे इंद्राने सांगितल्यावर युधिष्ठिराने रथात चढायलाच नकार दिला. टेलरबाईंनी तेवढा त्याग केला नाही. त्यांनी स्वर्गाच्या दाराशी नौका बांधली. पण न्यायाने पाहिले तर त्यांनी नियम मोडला नाही. त्यांच्याजवळ तो न मोडण्याइतके पैसे होते.

ही गंमत फार दिवस टिकली नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये सरे परगण्यातील कँबर्ली या गावी फ्रिट्झ नावाचा एक लहान कुत्रा अचानक चवताळला. माळावर पळत सुटला, दोघांना चावला आणि मेला. तपासणीत रेबीज निघाला. ब्रिटनच्या भूमीवर, विलगीकरणगृहाच्या बाहेर, १९२२ नंतर प्रथमच. हा कुत्रा जर्मनीहून एका लष्करी कुटुंबाबरोबर आला होता. त्याच्या मालकांनी तो चोरून आणला नव्हता. त्याने पूर्ण सहा महिने कोठडीत काढले होते आणि सुटून जेमतेम दहा दिवस झाले होते. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, न्यूमार्केट येथे दुसरा कुत्रा रेबीजने मेला. तो पाकिस्तानातून आणलेला होता. त्यानेही सहा महिने भरले होते, आणि सुटकेनंतर जवळपास तीन महिन्यांनी त्याला रोगाने गाठले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही दोन वर्षे फार बोलकी वाटतात. १९१८ मध्ये कुंपण कोसळले ते लोकांनी नियम मोडल्यामुळे. १९६९ मध्ये नियम पाळूनही ते कोसळले. विषाणूचा मेंदूपर्यंतचा प्रवास सरकारी कॅलेंडर पाहून होत नाही. बहुतांश वेळा तो सहा महिन्यांत संपतो, क्वचित संपत नाही. त्या क्वचितपणाची भीती काय असते, हे कँबर्लीच्या माळावर दिसले. रोग कोल्ह्यांत शिरला तर तो कायमचा मुरेल, या धास्तीने तेथील वन्य प्राणी गोळ्या घालून मारण्यात आले. रोग पुढे पसरल्याचे दिसले नाही.

सरकारची प्रतिक्रिया अपेक्षित अशीच झाली. चौकशी समिती नेमली गेली. १९७१ मध्ये वॉटरहाउस समितीचा अहवाल आला. विलगीकरण कायम ठेवावे, त्याला लसीची जोड द्यावी, असा त्याचा रोख होता. १९७४ च्या कायद्याने शिक्षा कडक झाली: तुरुंगवास, मोठा दंड आणि प्रसंगी जनावराचाच अंत. बंदरांवर, नौकांच्या धक्क्यांवर, विमानतळांवर भडक फलक लागले. फ्रान्सच्या किनाऱ्यावर जाऊन येणाऱ्या हौशी शिडनौकांच्या मालकांना ताकीद मिळाली की आपला कुत्रा परक्या धक्क्यावर चार पावले फिरवून परत आणला तरी तो गुन्हा आहे.

या भीतीला आधार होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पोलंड आणि रशियाच्या सीमाभागात कोल्ह्यांमध्ये रेबीज पसरला होता आणि तो दर वर्षी काही दहा किलोमीटर पश्चिमेकडे सरकत होता. १९६८ मध्ये तो फ्रान्समध्ये पोहोचला. ब्रिटिश वृत्तपत्रांतून नकाशे छापून येत, त्यांवर एक रेषा खाडीच्या दिशेने येताना दिसे. खाडीखालून बोगदा काढण्याच्या योजनेलाही याच भीतीने पछाडले. फ्रेंच कोल्हा बोगद्यातून चालत केंटमध्ये येईल, अशी चर्चा गंभीरपणे झाली. १९९४ मध्ये बोगदा सुरू झाला तेव्हा प्राण्यांना अडवण्याची व्यवस्था त्यात होतीच. कोल्हा काही आला नाही.

दरम्यान युरोपात एक शांत क्रांती घडली होती, आणि तिची सुरुवात कोंबडीच्या मुंडक्यांनी झाली. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शास्त्रज्ञांनी लस भरलेली कोंबडीची मुंडकी रानात टाकली. कोल्ह्यांनी ती खाल्ली आणि रोगाची आगेकूच त्या खोऱ्यात थांबली. पुढे विमानांतून लसीची आमिषे टाकण्यात आली आणि पश्चिम युरोपातील कोल्ह्यांचा रेबीज हळूहळू ओसरला. कुत्र्यांच्या लसीही सुधारल्या. शिवाय लस लागू पडली आहे की नाही, हे रक्त तपासून सांगता येऊ लागले. या एका सोयीने विलगीकरणाचा जुना पाया हलला. वाट पाहण्याचे कारणच असे होते की जनावराच्या आत काय चालले आहे ते कळत नसे. आता निदान त्याला कवच आहे का, हे तरी कळत होते. स्वीडन आणि नॉर्वे यांनी १९९४ मध्ये कोठडी सोडून लस आणि रक्ततपासणीचा मार्ग धरला. ब्रिटन तरीही हलायला तयार नव्हते.

ते अखेर हलले, यात लोकक्षोभाचा वाटा होता. खाडीपलीकडे घर घेणारे, सुट्टीत फ्रान्सला जाणारे असंख्य ब्रिटिश आता आपल्याच नियमात अडकले होते. कुत्र्याला फ्रान्सला नेता येत होते, परत आणता येत नव्हते. सुट्टी जवळ आली की त्याला शेजाऱ्याकडे किंवा भाड्याच्या कुत्राघरात ठेवावे लागे. परदेशांत नोकरी करणारे राजनैतिक अधिकारी आणि सैनिक तर आणखी वैतागले होते. त्यांच्या बदल्या थांबत नसत आणि प्रत्येक परतीला सहा महिने. काही म्हातारे प्राणी कोठडीतच मेले. १९९७ मध्ये हाँगकाँगचे शेवटचे गव्हर्नर ख्रिस पॅटन साम्राज्याचा झेंडा उतरवून निघाले, तेव्हा त्यांची ‘व्हिस्की’ आणि ‘सोडा’ ही दोन टेरिअर कुत्री फ्रान्समधील त्यांच्या घराकडे रवाना झाली. साम्राज्याच्या अखेरच्या प्रतिनिधीच्या कुत्र्यांना मायदेशाऐवजी फ्रान्स जवळ करावा लागला, यावर त्या काळी बरेच लिहिले गेले. (पळवाट ऐपतीप्रमाणे, हे मघाशी म्हटलेच आहे. फ्रान्समध्ये घर असावे लागते.)

१९९८ मध्ये इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बदलाची शिफारस केली आणि २८ फेब्रुवारी २००० रोजी प्राण्यांच्या प्रवासाची नवी योजना सुरू झाली. कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चिप, मग लस, मग रक्ततपासणी, आणि त्यानंतर सहा महिन्यांची प्रतीक्षा. मात्र ती स्वतःच्या घरी, स्वतःच्या गोधडीवर. सुरुवातीला मोजक्या देशांतून आणि मोजक्याच मार्गांनी येण्याची मुभा होती. १ जानेवारी २०१२ पासून ब्रिटनने युरोपचे सर्वसाधारण नियम स्वीकारले आणि युरोपातून येणाऱ्या कुत्र्यासाठी लसीनंतर एकवीस दिवस पुरेसे ठरले. आमच्या कथेतल्या त्या फ्रेंच कुटुंबाची अडचण अशी सदतीस वर्षांनी सुटली.

मग पूर्वीचे सारे भय वृथा होते का? विलगीकरणाच्या विरोधात लिहिणारे अनेकजण असे सुचवतात. त्यांच्यासाठी खाडीच्या पलीकडचाच एक उन्हाळा पाहावा लागेल.

२००४ चा जुलै. मोरोक्कोतील अगादीर येथे सुट्टीवर गेलेल्या एका प्रवाशाला एक पिल्लू आवडले. त्याने ते मोटारीत घातले आणि स्पेनमार्गे फ्रान्समध्ये आणले. चिप नाही, लस नाही, कागद नाही. चार महिन्यांचे पिल्लू कोणाच्या मांडीवर बसलेले असेल तर कोणता अधिकारी मोटार थांबवतो? नंतरचे काही आठवडे ते बोर्दोच्या परिसरात मजेत हिंडले. तो नैर्ऋत्य फ्रान्समधील रस्त्यावरच्या उत्सवांचा हंगाम होता. नाटकवाले, विदूषक, संगीत, मुलांची झुंबड. पिल्लाला दोन-तीन गावांच्या उत्सवांत नेले गेले. लोकांनी त्याला उचलले, कुरवाळले, त्याने त्यांचे हात चाटले, खेळताखेळता दात लावले. ऑगस्टमध्ये ते आजारी पडून मेले. रेबीज.

आता आरोग्य खात्यापुढे प्रश्न उभा राहिला तो असा: उत्सवाच्या गर्दीत त्या पिल्लाला हात लावलेली माणसे कोण? त्यांची नावे कोणालाच माहीत नव्हती. त्यांतील अनेकजण सुट्टी संपवून फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, काही दुसऱ्या देशांत परतले होते. विषाणू संथ चालतो, म्हणून वेळ होता. पण तो किती होता हे कोणी सांगू शकत नव्हते. पिल्लाची छायाचित्रे वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर झळकली. हा कुत्रा तुम्हाला चावला होता का, असे साऱ्या देशाला विचारले गेले. दूरध्वनींचा पाऊस पडला. दीडशेहून अधिक लोकांना लस टोचण्यात आली. पिल्लाच्या संपर्कात आलेल्या कुत्र्या-मांजरांचा शोध घेऊन त्यांतील कित्येकांना मारण्यात आले. ही कोणाची तरी घरची, निर्दोष जनावरे होती आणि त्यांच्या मालकांनी कोणताही नियम मोडला नव्हता. एकाही माणसाला रोग झाला नाही. फ्रान्स जेमतेम तीन वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, भूचर प्राण्यांतील रेबीजपासून मुक्त घोषित झाला होता.

त्या प्रवाशाला खलनायक ठरवणे मला जमत नाही. परक्या गावच्या रस्त्यावर भुकेले पिल्लू दिसले, ते उचलले. खंदकातल्या सैनिकाने याहून वेगळे काय केले होते? पण उत्सवात त्या पिल्लाने हात चाटलेल्या मुलीच्या आईने लस मिळेपर्यंत किती रात्री जागून काढल्या असतील, हेही त्याच वेळी मनात येते. २००८ मध्ये श्रीलंकेतून दयाबुद्धीने आणलेले एक पिल्लू लंडनमध्ये रेबीजने मेले, ते मात्र विलगीकरणगृहाच्या भिंतींच्या आत. ज्यांना ते चावले होते त्यांना लगेच लस मिळाली, कारण ती कोण आहेत हे ठाऊक होते. बोर्दो आणि लंडन यांत फरक पडला तो एवढाच.

बोर्दोच्या तुलनेत २०१५ ची ऑस्ट्रेलियातील गाजलेली घटना प्रहसनासारखी वाटते, तरी तिचा उल्लेख हवा. अभिनेता जॉनी डेप आणि अँबर हर्ड यांनी ‘पिस्टल’ आणि ‘बू’ ही दोन यॉर्कशायर टेरिअर कुत्री खाजगी विमानातून न कळवता आणली. गोल्ड कोस्टच्या एका कुत्र्यांच्या केशकर्तनालयाने आपल्या प्रसिद्ध गिऱ्हाइकांची छायाचित्रे झळकवली आणि बिंग फुटले. कृषिमंत्री बार्नबी जॉइस यांनी सुमारे पन्नास तासांची मुदत दिली: कुत्री देशाबाहेर न्या, अन्यथा ती मारली जातील. कुत्री विमानाने परत गेली. २०१६ मध्ये हर्ड यांनी प्रवासाच्या अर्जात खोटी माहिती दिल्याचे न्यायालयात कबूल केले, महिनाभराच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका झाली, आणि पतिपत्नीची माफीची चित्रफीत जगभर टिंगलीचा विषय बनली. एखाद्या मंत्र्याने दोन इवल्याशा कुत्र्यांसाठी एवढा थयथयाट करावा याचे जगाला हसू आले. ऑस्ट्रेलियाच्या कुत्र्यांत रेबीज नाही आणि तेथील रानात डिंगो मोकळे फिरतात, हे ठाऊक असलेल्याला ते तितके येणार नाही.

आपण हसावे की नाही, हा प्रश्न आपल्यापुरता वेगळा आहे, कारण आपण या कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला आहोत. कसौलीला पाश्चर संस्था १९०० मध्येच स्थापन झाली होती. तेथे डेव्हिड सेंपल याने मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली लस विसावे शतक संपेपर्यंत वापरात होती. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही आपल्या आईवडिलांच्या पिढीची आठवण तिचीच. तरीही आज भारतात दर वर्षी हजारो माणसे रेबीजने दगावतात, आणि त्यांत मुले पुष्कळ असतात.

त्यामुळे पुण्याहून किंवा ठाण्याहून नोकरीसाठी लंडनला निघालेल्या कुटुंबाला फ्रेंच माणसाचे एकवीस दिवस लागू होत नाहीत. ऑस्ट्रेलियात तर भारतातून कुत्रा थेट नेताच येत नाही. ब्रिटनसाठी आधी चिप, मग लस, त्यानंतर किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे, आणि अहवाल समाधानकारक आला तर नमुना घेतलेल्या दिवसापासून तीन महिने थांबायचे. गणपतीच्या दिवसांत रक्त दिलेल्या कुत्र्याला नाताळच्या सुमारास विमानात बसता येते. तोवर घरातले एकजण पुढे गेलेले असते आणि उरलेले कुत्र्यापाशी थांबलेले असतात.